पेरूवाडीचा थांबा

पहिला खिळा निघताना करकरला आणि माझ्या दातांत शिरशिरी उठली. पक्कड हातात धरून मी तशीच बसून राहिले. खिळ्याच्या जागी बाभळीच्या लाकडात एक काळं भोक उरलं होतं आणि त्यातून एक मुंगी घाईघाईनं बाहेर येत होती.

"एकच काढलास आणि दमलीस?" प्रज्ञा म्हणाली. ती अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उकिडवी बसली होती, डोक्याला ओढणी घट्ट बांधून.

मी नुसती हसले. दमले नव्हते. धुळ्याहून पहाटेच्या बसमध्ये बसल्यापासून एक वाक्य मी तोंडात घोळवत होते, आणि ते ज्यांना सांगायचं होतं ते माझ्यापासून दहा पावलांवर, पेरूच्या सावलीत खुर्चीवर बसले होते.

मेहरूणमधलं हे प्रज्ञाचं, माझ्या लहानपणीच्या मैत्रिणीचं, माहेर. तिच्या वडिलांना, म्हणजे आबांना, आता जिना चढवत नाही. म्हणून मागच्या अंगणात त्यांच्यासाठी खोली बांधायची ठरली. गवंडी सोमवारी येणार होते. प्रज्ञानं फोनवर म्हटलं होतं, "आपल्या छोट्या गाडीची लाइन गवंड्यांच्या पहारीखाली नको गं जायला. आपल्या हातांनी काढू." ती नरडाण्याला एका कारखान्याच्या लॅबमध्ये असते. दोन दिवसांची रजा टाकून आली. मीही कॉलेजच्या लायब्ररीतून सुट्टी घेतली. दोघी पुरे होतो तसं पाहिलं तर. तरी सारखं वाटत होतं, एक माणूस कमी आहे.

चैत्र संपत आलेला. भिंतीवरून ऊन उतरून अर्ध्या रुळांवर आलं होतं. तापलेल्या खडीचा वास, गंजाचा वास, आणि त्या दोन्हींच्या खालून, कुठून कोण जाणे, रॉकेलचा वास. रॉकेल आता कुणाच्या घरात नसतं. पण आमच्या लहानपणी या अंगणातली उन्हाळ्याची प्रत्येक सकाळ रॉकेलच्या वासानंच उजाडायची.

कारण रूळ लोखंडी पट्ट्यांचे होते. रोज गंजायचे. गंज चढला की बॅटरीची वीज इंजिनापर्यंत पोचायची नाही आणि गाडी आचके देत उभी राहायची. म्हणून आधी पॉलिश पेपरनं रूळ घासायचे, मग रॉकेलच्या फडक्यानं पुसायचे. घासायचं काम हेमंतचं. हेमंत रावेरकडचा, केळीवाल्यांच्या घरातला. शाळेसाठी मामाकडे मेहरूणला राहायचा. तो गुडघ्यांवर रांगत सबंध अंगणाला फेरी मारायचा आणि उठायचा तेव्हा त्याच्या गुडघ्यांवर खडीचे ठसे उमटलेले असायचे. पुसायचं काम प्रज्ञाचं. आणि माझं काम चिंचेची पानं, पेरूची फुलं, मुंगळे, गोगलगाई वेचून रूळ मोकळे करण्याचं. शेवटी आबा यायचे. बनियनवर, खांद्यावर टॉवेल, हातात बॅटरी.

आबा मालगाडीचे ड्रायव्हर होते. त्यांची लोखंडी पेटी कायम दाराशी भरलेली असायची. बोलावणं आलं की ती उचलायची आणि निघायचं. दोन दोन दिवसांनी परत आले की दुपारी झोपायचे. खिडकीवर ओली चादर टाकलेली असायची आणि आम्ही मागच्या अंगणात कुजबुजत बोलायचो. ही गाडी त्यांनी सुट्ट्यासुट्ट्यांमधून दोन वर्षं खपून केली होती. तेलाच्या डब्यांच्या पत्र्याचे चार डबे. भंगारातल्या मोटारीच्या पंख्याची मोटर बसवलेलं इंजिन, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब, विटकरी रंगाचं. डब्यांत त्यांनी लोखंडाचे तुकडे भरले होते. प्रज्ञानं विचारलं, इतकी जड कशाला? आबा शिंदखेड्याकडचे. मनातलं बोलायचं झालं की अहिराणीत बोलायचे. म्हणाले, "खरी गाडी लगेच थांबस का? नही ना? मंग ही बी लगेच थांबाव नही."

तीन स्टेशनं होती. नळाजवळचं मेहरूण जंक्शन प्रज्ञाचं. तिथेच गाडी चालवायचं आबांचं हँडल. भिंतीकडचं केळीबाग हेमंतचं. आणि पेरूच्या मागचं, वळणापलीकडचं, पेरूवाडी. ते माझं. माझ्या स्टेशनावर एक वीट होती आणि विटेवर खडूनं लिहिलेलं नाव. गाडी सुटायच्या आधी सगळं ठीक आहे ना हे आबा मोठ्यानं विचारायचे, "बठ्ठं ठीक शे का?" आणि आपापल्या हद्दीतले रूळ बघून आम्ही एकेकानं ओरडायचं, "ठीक शे!" तिघांचं उत्तर आल्याशिवाय ते हँडलला हात लावत नसत. एकदा हेमंतला शिंक आली आणि त्याचं उत्तर राहिलं, तर आबा तसेच थांबून राहिले. गंमत म्हणून नव्हे. त्यांच्या चेहऱ्यावर गंमत नसायची.

हिवाळ्यात याच अंगणात तुराट्या पेटवून वांगी भाजायची, भरीत व्हायचं, आणि गाडी त्या धुरातून जायची. बुद्धपौर्णिमेला प्रज्ञाची आई, म्हणजे काकू, खिरीच्या वाट्या डब्यांवर ठेवायच्या आणि आबा गाडी इतकी हळू चालवायचे की खिरीवरची साय हलायची नाही. पाहुणे पंगतीत बसल्यासारखे रुळांच्या कडेला बसायचे. वाटी समोर आली की उचलायची. मी पेरूच्या मागून बघत असायचे. गाडी जंक्शनला थांबायची, केळीबागेला थांबायची. पेरूवाडीला कधीच थांबायची नाही.

"आबा, माझ्याकडे का नाही थांबत?"

"मालगाडी शे ती बेटा. लहान स्टेशनवर नही थांबत."

बस्स, एवढंच होतं ते. आज सांगताना इतकंसंच वाटतं. पण दहा वर्षांच्या पोरीला ते रोज सकाळी टोचायचं. धडधडत येणारी गाडी, विटेला चाटून जाणारा वारा, आणि शेवटच्या डब्याची लांब लांब जाणारी पाठ.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी काहीतरी झालं. काय ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. आबा एका दुपारी परत आले ते नळाखाली बसले आणि किती तरी वेळ उठलेच नाहीत. बादली भरून वाहत होती. काकू टॉवेल घेऊन नुसत्या उभ्या होत्या. त्यानंतर आबांची पेटी दारातून आत गेली, कपाटावर. "आबांना सुट्टी आहे," एवढंच प्रज्ञा म्हणाली. मोठी माणसं आम्हाला बघून बोलणं थांबवायची. पुढे नववीत असताना प्रज्ञानं एका वाक्यात सांगितलं, "रुळावर कुणीतरी आलं होतं आणि गाडी थांबली नाही." त्याहून जास्त मी विचारलं नाही.

पण तेव्हा हे ठाऊक नव्हतं. तेव्हा एवढंच दिसायचं की आबा आता रोज अंगणात असतात. गाडी चालवतात, पण हळू. वळण यायच्या आधी तोंडानंच शिट्टी वाजवतात, एकदा, दोनदा, तीनदा. कुणी मध्ये बोललं की दचकतात. आमचे आवाज आपोआप खाली आले.

आणि मग ती सकाळ. माझी एक कापडाची बाहुली होती, मावशीनं चिंध्यांची शिवलेली. हेमंत तिला चिडवायचा, "तुही बाहुली का बुजगावनं?" ती मी त्या दिवशी फ्रॉकखाली लपवून आणली. हेमंत घासून झाल्यावर, प्रज्ञा पुसून गेल्यावर, मी पेरूच्या मागे गेले आणि तिला दोन्ही रुळांच्या मधोमध बसवलं. तिला प्रवासी करायचं होतं मला. प्रवासी रुळावरच बसला तर गाडीला थांबावंच लागेल. मग मी आबांना म्हणणार होते, बघा, थांबली पेरूवाडीला.

पळत पेरूच्या अलीकडे, उत्तर द्यायला उभी राहायचे त्या जागेवर आले. काकू भिंतीपलीकडच्या ओट्यावर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होत्या. ज्वारीच्या शिजलेल्या घाट्याचा आंबूस वास अंगणभर होता.

"बठ्ठं ठीक शे का?"

"ठीक शे!" प्रज्ञा ओरडली.

"ठीक शे!" हेमंत.

माझी पाळी आली. आबा माझ्याकडे बघत होते. हँडलवरचा हात अधांतरी. अजूनही उठून बाहुली उचलता आली असती.

"ठीक शे," मी म्हणाले.

गाडी सुटली. जंक्शन, केळीबाग, मग उतार. उताराला ती नेहमीच पळायची. आबांनी एक शिट्टी वाजवली, दुसरी वाजवली. तिसरी वाजलीच नाही. त्यांना बाहुली दिसली होती.

मला आवाज आठवतो तो हँडलचा. काडकन. मग चाकांची किंचाळी, मागचे डबे पुढच्यांवर आदळत गेल्याचे चार ठोके, आणि जळक्या तारेचा वास. इंजिन घसरत होतं. ठिणग्या उडत होत्या. आबांचा जबडा उघडा होता, पण त्यातून काही बाहेर येत नव्हतं.

गाडी थांबली. बाहुलीच्या अलीकडे वीतभर.

शेजारच्या कूलरमधलं पाणी टपटपत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. आबा चालत आले, गुडघ्यांवर बसले, बाहुलीला हात लावायला गेले. मध्येच तो हात त्यांनी मागे घेतला. मग ते उठले, घरात गेले, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

काकू धावत आल्या. दोन्ही हात मनगटापर्यंत घाट्यानं माखलेले. त्यांनी बाहुलीकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं. मी त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं.

"कोणी ठेवली?"

हेमंत वळणाच्या सगळ्यात जवळ उभा होता. त्याच्या मुठीत अजून पॉलिश पेपर होता.

"हेमंत? पोरींची बाहुली पळवून ही मस्करी सुचली तुला? या माणसासोबत?"

हेमंतनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग खाली पाहिलं.

मी बोलले नाही. तोंड उघडलं होतं, हे मला नक्की आठवतं. पण बोलले नाही. मला रडू फुटलं, आणि सगळ्यांना वाटलं, बाहुलीसाठी रडतेय.

"उद्यापासून या अंगणात पाऊल ठेवायचं नाही," काकू म्हणाल्या. "कळलं?"

त्यानं पॉलिश पेपर केळीबागेच्या फलाटावर नीट ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर खडा ठेवला, आणि मागच्या फाटकातून निघून गेला.

मी उद्या सांगणार होते. उद्याचा परवा झाला. आठवड्यानं आबा पुन्हा अंगणात आले आणि पावसाळ्याआधी त्यांची पेटी पुन्हा दाराशी आली. ते कामावर गेले. मला वाटलं, जावं लागलं म्हणून गेले असतील. कधी बाहुलीचं नाव निघालं नाही. रूळ मी घासू लागले. केळीबागेतून आता कुणाचं उत्तर यायचं नाही, म्हणून आबा तिथवर स्वतः चालत जाऊन यायचे, मग हँडल धरायचे. आणि मी प्रत्येक सकाळी "ठीक शे" म्हणायचे ते आबांकडे न बघता. कधीकधी भिंतीपलीकडच्या गल्लीत सायकलची साखळी हळू व्हायची, गाडी फिरून येईपर्यंत थांबायची, आणि मग पुढे जायची. कोण आहे ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दहावीनंतर हेमंत गावी परत गेला.

सत्तावीस वर्षं झाली या गोष्टीला.

"पाणी दे गं जरा," आबांनी हाक मारली. त्यांना आता धूसर दिसतं. आवाजाच्या दिशेनं मान वळवतात. मी तांब्या घेऊन गेले. ते प्याले. मी तांब्या परत घेतला नाही.

"आबा, ती बाहुली मी ठेवली होती."

प्रज्ञाच्या पक्कडीचा आवाज थांबला.

"कोणती?"

"वळणावरची. पेरूच्या मागची. तुम्ही विचारलंत आणि मी ठीक आहे म्हणाले. ठीक नव्हतं. मला फक्त गाडी थांबवायची होती माझ्याकडे. तुमचं काय झालं होतं ते ठाऊक नव्हतं मला, आबा. खरंच ठाऊक नव्हतं."

त्यांना आठवत नसावं असं मला वाटलं. पेरूची सावली त्यांच्या पायांवरून सरकली होती. ऊन त्यांच्या अंगठ्यावर आलं होतं.

"रडलो मी त्या दिवशी," ते शेवटी म्हणाले. "दार लावीसन रडलो. काकूला विचार." मग त्यांनी स्वतःचा उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले, जणू त्यांना तो दिसत होता. "पण गाडी थांबनी ना बेटा. मना हातमा थांबनी. वीतभर आंतर राह्यनं. त्याना आधी महिनाभर मी रोज तिले फिरवी ऱ्हायंतू, रोज. डोळा मिटा की ती थांबेच ना. त्या दिवशी थांबनी."

मी त्यांच्या दुसऱ्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला.

"चूक ती चूकच," ते म्हणाले. आता साध्या मराठीत, जुन्या कडक आवाजात. "रूळ मोकळा नसताना ठीक आहे म्हणायचं नसतं. कधीच नाही."

"हो, आबा."

"आणि हेमंत? त्याला सांगितलंस?"

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. केव्हापासून, देव जाणे. त्या हळूच पायरीवर बसल्या, गुडघ्याला हात लावून. "पोरगं काही बोललं नव्हतं गं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "एक अक्षर बोललं नव्हतं." मग प्रज्ञाकडे वळल्या. "त्याचा नंबर आहे ना तुमच्या शाळेच्या ग्रुपवर? लाव."

प्रज्ञानं फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडे वारा होता. केळीची पानं एकमेकांवर आपटत होती.

"कोन?"

मी नाव सांगितलं. मग बाकीचं सांगितलं. दोन वाक्यांत संपलं. इतकी वर्षं वागवलेलं दोन वाक्यांत संपतं हे मला माहीत नव्हतं.

"मले माहीत व्हतं," हेमंत म्हणाला. "तू पेरूमांगून पयत आली व्हती. पाह्यलं मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"म्या म्हटलं तू सांगशीन. उद्या सांगशीन, परवा सांगशीन. दोन उन्हाये वाट पाह्यली तुही." तो रागावलेला नव्हता. त्यापेक्षा वाईट, तो फक्त सांगत होता. "मंग आबाची गाडी भिंतीआडून आयकायचो. तेवढंच."

काकूंनी हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाला लावला.

"हेमंत, मी प्रज्ञाची आई. येतोस का रे?" पलीकडून त्यानं काहीतरी विचारलं असावं. "हो. आत्ता," काकू म्हणाल्या.

आम्ही काम थांबवलं. आबांनीच थांबवलं. ते दीड-दोन तास मी कसे काढले ते मला सांगता येणार नाही. काकू ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी करत होत्या आणि प्रत्येक गाडीच्या आवाजाला त्यांचा हात परातीत थांबत होता. प्रज्ञा माझ्याशी बोलली नाही. एकदा फक्त म्हणाली, "मी सत्तावीस वर्षं त्याच्याशी तुटक वागले." मी मान खाली घातली.

बाराच्या सुमाराला मागच्या गल्लीत मोटारसायकल थांबली. फाटक उघडंच होतं. हेमंत बाहेर उभा राहिला. कानशिलं पांढरी झालेली, शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग, तसाच बागेतून निघालेला. त्यानं उंबऱ्याशी चपला काढल्या आणि तिथेच थांबला. आत आला नाही. चाळिशीला आलेला तो माणूस फाटकाच्या चौकटीला धरून उभा होता आणि काकूंकडे बघत होता.

"येऊ का?"

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "हात-पाय धुऊन घे," त्या म्हणाल्या. "पान वाढलंय."

तो आला. आबांनी त्याचे दोन्ही दंड चाचपून पाहिले, खांदे चाचपून पाहिले, आणि "मोठा झालास रे" म्हणाले, तेव्हा तो मान वळवून हसला. जेवताना तो आबांशी बोलला, प्रज्ञाशी बोलला, पिकाबद्दल, मुलीच्या शाळेबद्दल. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. मी वाढायला उठले तेव्हा त्यानं ताट पुढे केलं, पण पाहिलं नाही. ते माझ्या वाट्याचं होतं. मी घेतलं.

ऊन कलल्यावर आम्ही पुन्हा रुळांपाशी गेलो. केळीबागेपासून पेरूकडे जाणारी पट्टी सगळ्यात लांब होती. एकट्यानं उचलली तर वाकली असती. हेमंतनं सगळे खिळे काढले, सावकाश, एकही न मोडता. मग एका टोकाला वाकला आणि थांबला. मी बाजूला उभी होते, हात रिकामे.

"काय पाहून राह्यली?" तो म्हणाला, अजूनही पट्टीकडेच बघत. "तिकून धर."

मी धरलं.